मैनाबाईचा खराटा

मैनाबाई पहिल्यांदा आमच्या घरी आली ती जेवायला. मी बोलावले नव्हते. माझे लग्न होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, आणि कोणाला जेवायला बोलवावे एवढे माझे त्या घरात चालत नव्हते. ती आली, हातातला खराटा भिंतीला टेकवला, तळपायाची रेती उंबऱ्यावर झटकली आणि सरळ चुलीसमोर बसली.

"वाढ," ती म्हणाली. "माही भाजी शिजवली ना तू, मंग मले बी वाढ."

झाले असे होते की सासू सकाळीच धानाच्या रोवण्याला गेली होती आणि घरात भाजी नव्हती. माझे माहेर गोंडपिपरीकडचे, काळ्या मातीतले. आखाडात आमच्याकडे बांधाबांधाला घोळीची भाजी उगवते. इथे आमच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे, एक रेतीचा पट्टा होता आणि त्यात लाल देठाची, जाड पानांची बारीक रोपे दाट उगवली होती. मी पदर भरून खुडली. त्या घरात स्वतःच्या मनाने केलेले ते माझे पहिले काम.

मी वाढले. ती निवांत जेवली. दोन घास खाऊन झाल्यावर म्हणाली, "कचकच लागते. रेती नीट धुतली नाई."

मी मान खाली घातली.

"अन् हे घोळ नोहे. चिनी गुलाबाचे रोपटे होते. घोळीचं पान चपटं राहते, याचं सुईवानी राहते. तुही सासू साऱ्या गल्लीले सांगून राह्यली, सून चौथी शिकली म्हून. चौथीत घोळ नाई शिकवत काय?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. तिने ताट स्वच्छ पुसून खाल्ले, उठली, खराटा घेतला आणि दारातून मागे न पाहता म्हणाली, "रडू नोको. पाणी वाया जाते."

त्यानंतर अकरा वर्षे ती माझ्या समोर राहिली. म्हणजे तिचे दार माझ्या दारासमोर, मध्ये रस्ता आणि तिचा तो रेतीचा पट्टा. या अकरा वर्षांत तिने माझी एकदाही स्तुती केली नाही. गावातल्या कोणाचीच केली नाही, म्हणून मला त्याचे वाईट वाटायला नको होते, पण वाटायचे.

ती दिसायला काडीसारखी होती. हयातभर तिने वनखात्याच्या एका रोपवाटिकेत थैल्या भरल्या. माती, रेती आणि शेणखत कालवायचे, काळ्या थैलीत दाबायचे, थैली ओळीत उभी करायची. त्यामुळे तिची बोटे कायमची वाकडी झाली होती, मुठीत काहीतरी धरल्यासारखी. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती गडचिरोलीला दिलेली. रोपवाटिकेच्या गोष्टी ती सांगायची त्या सगळ्या हसण्यावारी नेण्याच्या. "साहेब लोक रोपट्याले सकाळ-संध्याकाळ पाजत. लाडानं रोपटं फुगे. मंग जंगलात नेऊन लावलं का आठ दिवसांत आडवं. नावाची पाटी तेवढी उभी राहे. पाटीले पाणी लागत नाई ना."

चिनी गुलाबही तिथलाच. साहेबाच्या बाईने फुटकी कुंडी फेकून दिली, मैनाबाईने त्यातली माती पदरात बांधून आणली आणि दारासमोर टाकली. लोक या फुलाला ऑफिसटाइम म्हणतात, कारण ते दहाच्या सुमाराला उघडते. मैनाबाई म्हणायची, "फूल दहाले येते. साहेब बाराले येत. मंग नाव फुलाचं काऊन बिघडवता?"

आमची गल्ली नदीच्या अंगाची. पूर्वी वैनगंगा इथूनच वाहायची म्हणे. आता ती दीड शेत लांब सरकली आहे आणि मागे रेती ठेवून गेली आहे. कुठेही हातभर खणा, रेतीच. गावातल्या ज्यांना बागेची हौस, ते ट्रॉलीभर काळी माती आणून दारात ओतत, त्यात गुलाब लावत, मोगरा लावत आणि पावसाळा संपेपर्यंत कौतुक करत. पाऊस थांबला की पाणी टाकायला लागत. रेतीत पाणी थांबत नाही. सकाळी टाकलेले दुपारी दिसत नाही. मग आणखी टाकत. उन्हाळा आला की झाडाच्या जागी काड्या आणि कुंडीत कोरडी ढेकळे. पुढच्या वर्षी पुन्हा ट्रॉली. दरवर्षी तेच करून दरवर्षी तेवढेच नवल करणारी माणसे मी आमच्या गल्लीत पाहिली.

मैनाबाई अशा फुलांना पेताड म्हणायची. दारू पिणाऱ्याला म्हणतात तेच. "हा गुलाब पाह्य. दिवसभर पेते. अन् एक दिवस नाई भेटलं का मान टाकते. पेताड कुठचा." आणि स्वतःच्या फुलांना ती म्हणायची रेताड. तिच्या पट्ट्यात सगळी रेताडच होती. रस्त्याच्या कडेला चिनी गुलाब, लाल, पिवळा आणि राणी रंगाचा. त्याच्या मागे सदाफुली. मग पिवळा कॉसमॉस, मग ती बटनासारखी जांभळी फुले जी वाळली तरी रंग सोडत नाहीत, आणि भिंतीपाशी लाल तुऱ्याचा कोंबडा. पट्ट्यावर एका झाडाचीही सावली नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन, वैशाखात पाय ठेवला तर फोड येतील असे. त्या फुलांना तिने कधी पाणी घातलेले मी पाहिले नाही. एक तांब्यासुद्धा नाही. हातपाय धुतलेले पाणीसुद्धा ती मुद्दाम मागच्या अंगणात ओतायची. "सवय लागन त्याईले," म्हणायची.

ती पेरतही नसे. हे मला फार उशिरा कळले. माघात चिनी गुलाबाच्या बोंडांच्या टोप्या गळून पडायला लागल्या की ती खराटा घेऊन पट्ट्यात उतरायची आणि मागे मागे सरकत हळू हळू झाडायची. वरची रेती इकडून तिकडे जायची, एवढेच. लोकांना वाटे, म्हातारी रेती झाडते, डोके फिरले. कोणी विचारलेच, तर म्हणायची, "पेरणाऱ्याले वाटते का मीच उगवलं. मी बाप्पा फक्त झाडते."

माणसांचेही तिने दोनच भाग केले होते, पेताड आणि रेताड. सरपंच भाऊ पेताड. कारण रोज कोणीतरी "भाऊ, लगित चांगलं काम केलं" म्हटले नाही तर त्यांचा चेहरा उतरतो. गुरुजी पेताड. स्वतःची मुलगीसुद्धा पेताड, कारण तिला दर दोन दिवसांनी फोन लागतो. रेताड कोण, असे मी एकदा धीर करून विचारले. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "या गावात? बकऱ्या."

मी कोण, हे विचारायची गरज नव्हती. ती आपणहून सांगायची. "तू तं पह्यल्या नंबरची पेताड. कोणी दोन शब्द गोड बोललं का टवटवी, नाई बोललं का मान खाली. तोंड आहे काय तुले? का नुसतं खायले दिलं आहे?"

मला तोंड नव्हतेच. चार माणसांत बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासून. शाळेत हजेरी घेताना "हजर" म्हणायचेही जमायचे नाही, बाजूची मुलगी म्हणायची. लग्नानंतर सासू म्हणायला लागली. माझ्या वतीने बोलायला मला नेहमी कोणीतरी मिळत गेले आणि मी त्यातच समाधान मानले.

एकदा मी तिला बी मागितले. नवऱ्याने सावलीच्या बाजारातून हौसेने आणलेला गुलाब मी पाणी घालघालून मारला होता, आणि समोर हिची फुले न मागता फुललेली. "मैनाबाई, मले थोडं बी द्या ना."

"बी कुठी आहे माह्या घरी? काही डबा भरून ठेवला आहे काय?"

सगळ्यांना ती हेच उत्तर द्यायची, म्हणून गावात तिला चिकट म्हणत. मीही म्हणत होते, मनात. पण त्या दिवशी तिने वाकून पट्ट्यातली दोन मुठी रेती उचलली, रस्ता ओलांडून आली आणि आमच्या अंगणात फेकली. "हे घे."

सासू ओसरीवर होती. तिने ते पाहिले मात्र, तिचे डोकेच फिरले. बाईने आपल्या दारात माती टाकली, म्हणजे कोणाच्या वाईटावर टपली आहे ही. तिने मला तिथल्या तिथे अंगण झाडायला लावले आणि ती रेती रस्त्याकडेच्या नालीत ढकलायला लावली. मी झाडली. मलाही अपमान वाटला होता. मैनाबाई तिच्या दारातून बघत होती. "दिलं तं झाडून टाकलं," ती म्हणाली आणि आत गेली. मला ते बोलणे कळले नाही. खरे तर मी कळून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. चिकट बाई आणखी काय बोलणार, असे म्हणून सोडून दिले.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नळाला तीन दिवसांआड पाणी यायला लागले. तेही अर्धा तास, करंगळीएवढी धार. आणि नेमके त्याच उन्हाळ्यात गाव सुंदर करायचे ठरले. बाहेरून समिती येणार होती, पाहून नंबर देणार होती. सरपंच भाऊंनी ठरवले की आमच्या गल्लीत या टोकापासून पंचायतीपर्यंत सिमेंटचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, बसवायचे आणि पंचायतीसमोर गुलाबाच्या कुंड्या ठेवायच्या. नळाला पाणी नाही आणि गुलाबाच्या कुंड्या. पण यात काही चुकते आहे असे कोणाला वाटले नाही. चुकते आहे असे वाटले ते मैनाबाईच्या पट्ट्याबद्दल. तो पट्टा रस्त्याच्या जागेत होता, म्हणजे पंचायतीचा. गट्टूची रुंदी वाढवली तर तो जाणार होता. आहे तेवढीच ठेवली तर वाचणार होता.

पण आडकाठी रुंदीची नव्हतीच. आडकाठी होती ती फुलांची. वैशाख महिना, सारे गाव भाजून निघालेले, आणि हिच्या दारात सदाफुली भरून फुललेली. चिनी गुलाबाने अंग चोरले होते, तरी चार-दोन फुले उघडत होतीच. गावात कुजबुज सुरू झाली की म्हातारी नळाचे पाणी फुलांना घालते. पहाटे उठून घालते, कोणाला दिसू देत नाही.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी दुपारी मैनाबाई माझ्या दारात आली. या वेळी बसली नाही. खराटा हातातच होता.

"तू अकरा वर्षं समोर राहून राह्यली. मी एक हंडा-गुंड पाणी टाकलं काय?"

"नाई बाई."

"तांब्या?"

"नाई."

"मंग उद्या उभं राहून हेच सांगजो. भाषण नाई मांगून राह्यली मी. पाणी टाकत नाई. तीन शब्द. तेवढे तं येतात ना चौथीत?"

मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे मागणेही ओरडल्यासारखेच आले. पण ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "हे गेलं का संपलं पाह्य," ती रेतीकडे बघून म्हणाली. "डब्यात काही नाई माह्या." असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी मान हलवली. मान हलवायला मला नेहमीच येते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते तीन शब्द मनात घोळवत राहिले. भाकरी थापताना ओठ हलवून पाहिले. घरात कोणी नव्हते तेव्हा एकदा मोठ्यानेही म्हणाले. आले.

ग्रामसभेला पंचायतीच्या हॉलमध्ये गर्दी होती, कारण पाण्याचा विषय होता. बायका एका बाजूला सतरंजीवर. मी सासूच्या मागे बसले. सरपंच भाऊंनी गट्टूचे सांगितले, समितीचे सांगितले, मग म्हणाले, "कोणाले काही बोलाचं असन तं बोला."

माझ्या आधी सासू उठली.

"आमच्या नळाले धार नाई. पोट्ट्याईले आंघोळ नाई भेटून राह्यली. अन् समोर हिच्या फुलाले वैशाखात बहर. पाण्याविना वैशाखात फूल येते काय कुठी? सांगा ना बाप्पा कोणी."

सगळ्या हॉलने मान हलवली. येत नाही. ही सगळी धानाची माणसे. त्यांचे पीक घोटाभर पाण्यात उभे राहते आणि पाणी हटले की पिवळे पडते. जन्मभर एकच झाड पाहिलेले, त्यामुळे सगळी झाडे तशीच असणार हे त्यांना विचार न करता माहीत होते. मैनाबाई उठली, खराटा न घेता ती फारच लहान दिसत होती, आणि तिने आपले काम आपल्याच तोंडाने बिघडवले.

"तुमचं धान पाण्यात उभं राहते, म्हून तुम्हाले वाटते सारी दुनियाच पाण्यात उभी आहे. कधी जंगलात जाऊन पाह्यलं काय? तिथी कोण गुंड घेऊन फिरते? पेताड सारे."

लोक चिडले. एक जण म्हणाला, "बुढी आम्हाले पेताड म्हणते." दुसरा हसला. सरपंच भाऊंनी हात वर केला. "बाई, शिव्या नोका देऊ. तुमच्याकडून कोणी बोलनारं आहे काय, का तुम्ही पाणी टाकत नाई म्हून?"

"समोर राहते ते पाहून राह्यली. विचारा तिले."

सगळे माझ्याकडे वळले. मी उठले का, हेही मला आता आठवत नाही. बहुतेक नाही. मला माझ्या पायाचे जोडवे दिसत होते, त्यात अडकलेला रेतीचा कण दिसत होता. वर पंखा करकरत होता. ग्रामसेवक पेन उघडून थांबले होते. "बोला बाई, घाबरू नका," ते म्हणाले. शब्द तीनच होते आणि तिन्ही मला येत होते.

सासू मागे न वळता म्हणाली, "तिले काय मालूम. ते तं घरातच राहते."

आणि मी मान हलवली. हो, मी घरातच राहते, अशी.

ग्रामसेवकांनी लिहून घेतले. मी काय सांगितले असे त्यांनी लिहिले, ते मी वाचले नाही. मैनाबाईने माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता ती सगळ्यांसमोर माझी सालटी काढणार. तिने एकच शब्द उच्चारला, तोही हळू.

"पेताड."

आणि ती निघून गेली.

पंधरा दिवसांनी मजूर आले. पट्टा अर्ध्या दिवसात साफ झाला. उपटलेली सदाफुली रस्त्याच्या कडेला पडली, आणि तिची फुले तशीच, उन्हात, दोन दिवस ताजी राहिली. येणारा-जाणारा ती ओलांडून जात होता. आता कोण तिला पाणी घालत होते, हे एकाही शहाण्याने विचारले नाही. मीही विचारले नाही. मला तोंड असते तर विचारले असते, असे मी त्या दोन दिवसांत बरेचदा मनात म्हटले, आणि मनात म्हटलेल्याचा काय उपयोग असतो तेही मला माहीत होते.

गट्टू बसले. गट्टूंच्या फटींत बारीक रेती भरावी लागते, वर टाकायची आणि झाडून झाडून आत उतरवायची. ट्रॅक्टरने आलेली रेती जाड होती, तिच्यात गोटे होते. मजूर चाळणी लावून बसला. तेव्हा मैनाबाई घरातून बाहेर आली. तिने भांडण काढले नाही.

"चाळत काऊन बसला भाऊ? माही घे. वरची वरची घे. पिठावानी आहे."

पट्ट्यातली वरची रेती त्यांनी काम सुरू करताना ओढून तिच्या भिंतीशी ढीग करून ठेवली होती. मजुराला आयते झाले. तिने स्वतः घमेले उचलले. स्वतः खराटा घेतला. आमच्या टोकापासून पंचायतीच्या दारापर्यंत, तीन दिवस, ती वाकून मागे मागे सरकत गट्टूवर रेती झाडत राहिली. गाव हसले. मग गाव खूश झाले. "बुढी सुधरली," लोक म्हणाले. सरपंच भाऊंनी थांबून सांगितले, "बाई, असा सहभाग पाह्यजे." ती म्हणाली, "सरक, पायाखाली येऊन राह्यला." माझ्या दारासमोर ती सगळ्यांत जास्त वेळ झाडत होती. मी दाराआड उभी होते. तिने वर पाहिले नाही. मला वाटले म्हातारी मोडली. ज्या लोकांनी तिची बाग उपटली, त्यांचाच रस्ता झाडून देते आहे. म्हणजे हिचा सारा तोरा एवढाच होता. असे वाटून मला थोडे बरेही वाटले, हे लिहायला लाज वाटते. तिच्यातही आपल्यासारखेच काही निघाले, म्हणून बरे वाटले.

आखाड लागला तेव्हा तिचा गुडघा पार गेला. मुलगी न्यायला आली. ऑटो दारात उभा होता, मुलगी बोचके आत ठेवत होती. मी रस्त्यात येऊन उभी राहिले. ग्रामसभेनंतर आम्ही बोललो नव्हतो. माफी मागायची होती. ती ऑटोत बसली, पाय हाताने उचलून आत घेतला आणि माझ्याकडे बघितले.

"खाली पाह्य," ती म्हणाली. "अन् ह्या टायमाले घोळ समजून खाऊ नोको."

ऑटो गेला. मी खाली पाहिले. ओले गट्टू होते. मग मी वाकले. फटीफटीत, दोन गट्टूंच्या मधल्या त्या बोटाएवढ्याही नसलेल्या रेघेत, लाल देठाच्या सुया उभ्या होत्या. माझ्या दारासमोर तर इतक्या दाट की फट दिसत नव्हती. मी तशीच वाकून चालत पंचायतीपर्यंत गेले. सगळ्या गल्लीत होत्या.

श्रावण संपता संपता गट्टूच्या प्रत्येक चौकटीला रंगीत काठ आला. समिती अकराला आली, म्हणून तिला फुले उघडलेली दिसली. समितीतल्या बाई उकिडव्या बसून फोटो काढत होत्या. "ही कल्पना कोणाची?" त्यांनी विचारले. सरपंच भाऊ म्हणाले, "लोकसहभाग आहे, मॅडम." पंचायतीसमोरच्या गुलाबाच्या कुंड्या तोवर नुसत्या काटक्या झाल्या होत्या, त्या आदल्या दिवशीच मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या होत्या. सासूने मला विचारले, "हे कोणी लावलं वं?" मी मान हलवली. माहीत नाही, अशी. तेव्हासुद्धा.

भादव्यात तिच्या मुलीचा फोन आला, मैनाबाई गेली म्हणून. मी गेले नाही. जाऊन कोणाला काय सांगणार होते.

फुले मात्र पुढच्या उन्हाळ्यातही पाण्याविना राहिली, जेवढी राहायची तेवढी, आणि बी पुन्हा फटीत पडले. आता माघात खराटा मी घेते. सासू म्हणते, रस्ता झाडायला पंचायतीचा माणूस आहे, तू काऊन झाडते. मी झाडते.

परवाची गोष्ट. गल्लीच्या टोकाला नवी सून आली आहे, जिवतीकडच्या डोंगरातली. दीड महिना झाला असेल लग्नाला. सकाळी मी दारातून पाहिले, ती गट्टूंच्या फटीतली लाल देठाची रोपे खुडून पदरात भरत होती. भराभर, कोणी बघायच्या आत. माझी सासू ओसरीवर होती, तिनेही पाहिले. "खाऊ दे," ती म्हणाली. "आपल्याले काय कराचं आहे."

मी भाजी शिजेल एवढा वेळ थांबले. मग खराटा घेतला, गल्लीच्या टोकाला गेले, खराटा तिच्या भिंतीला टेकवला आणि तळपाय उंबऱ्यावर झटकले. दार उघडे होते, चार घरांच्या बायका नळावर उभ्या होत्या, सगळ्या बघत होत्या. माझी जीभ टाळूला चिकटली. मग सुटली.

"वाढ," मी म्हणाले. "मले बी वाढ."

पोरगी घाबरली. तिने वाढले. मी खाली बसून जेवले. मग तिला सांगितले की हे घोळ नोहे, चिनी गुलाब आहे, मैनाबाईचा आहे. मैनाबाई कोण तेही सांगितले. ती ओशाळली. म्हणाली, "बाई, मी एक हंडा पाणी टाकून देईन तिथी. जे राह्यले ते तं वाढतील."

"नोको," मी म्हणाले, आणि माझा आवाज नळापर्यंत गेला असावा, कारण तिकडचे बोलणे थांबले. "त्याले पाणी टाकत नाई. मैनाबाईनं बी नाई टाकलं कधी. अकरा वर्षं समोरून पाह्यलं मी."

 नळाखाली हंडा भरून वाहत होता.

भाजीत रेती होती, दातांखाली कचकच करत होती. मी आणखी वाढून घेतली.